डिस्लेक्सिया असलेल्या लेकराला घरी वाचायला कसं शिकवायचं

दुसरीतलं लेकरू बाराखडी घडाघडा म्हणतं. ‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि’, कुठं अडत नाही. पण कोऱ्या कागदावर एकटी ‘के’ लिहून समोर धरली की ते वर आढ्याकडे पाहतं, ओठातल्या ओठात ‘क’पासून सुरुवात करतं आणि कधी ‘के’पाशी थांबतं, कधी थांबायचं विसरून ‘कः’पर्यंत जाऊन येतं. धड्याचंही तसंच. चित्र दिसलं की अख्खा धडा तोंडपाठ. त्याच धड्यातल्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं तर गप्प. घरच्यांना वाटतं, येतं तर सगळं, वाचायचा आळस आहे.

आळस असेलही. पण बोलण्यात हुशार, दुकानातून सुटे पैसे बरोबर आणणारं, कोणाची बंडी कोणत्या बैलांची हे दुरून ओळखणारं लेकरू फक्त अक्षरांपाशीच अडत असेल, तर डिस्लेक्सियाची शंका घ्यायला हवी. डिस्लेक्सियात बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करून ऐकणं आणि ते आवाज अक्षराच्या खुणेला पक्के बांधणं, ही दोन कामं मेंदूला जड जातात. अक्कल कमी नसते, डोळ्यांतही दोष नसतो. बरेचदा हे घराण्यात चालत येतं. वडील, मामा, आत्या यांच्यापैकी कोणी ‘वाचायचं जमलं नाही म्हणून’ शाळा सोडलेली असेल तर ते लक्षात घ्या. यावर औषध नाही. स्मरणशक्तीचं टॉनिक, रंगीत काचेचा चष्मा, डोळ्यांचे व्यायाम यांवर पैसे घालवू नका. शिकवण्याची पद्धत बदलली, रोज थोडं थोडं केलं, की फरक पडतो.

इंग्रजी शाळेत टाकून हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढू शकतो. मराठीत ‘क’ बहुतेक ठिकाणी ‘क’च वाचतात, इंग्रजीत एकाच अक्षराचे चार आवाज. म्हणून मराठी वाचणारं लेकरू सरावानं बरोबर वाचायला लागतं, मात्र हळू वाचतं आणि लिहिताना चुकत राहतं. हा हळूपणा बराच काळ टिकू शकतो, तेव्हा शेजारच्या पोराशी तुलना नको.

आधी तीन गोष्टी तपासून घ्या

पहिली म्हणजे कान. लहानपणी वारंवार कान वाहत असेल, सर्दीत ऐकू कमी येत असेल, तर ‘ट’ आणि ‘ठ’ यांतला फरक लेकरापर्यंत पोहोचलेलाच नसतो. दुसरी डोळे. फळ्यावरचं दिसतं का, पुस्तक नाकाजवळ धरतं का, हे पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी लेकरू हजर राहील असं पाहा आणि ‘वाचायला त्रास आहे’ हे स्वतः सांगा. विचारतील याची वाट पाहू नका.

तिसरी गोष्ट आपल्या विदर्भात फार महत्त्वाची, आणि तीच सुटून जाते. ती म्हणजे बोली. वऱ्हाडी घरातलं लेकरू ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा वाचतं, ‘केळी’ला ‘केयी’ म्हणतं, ‘पाणी’ला ‘पानी’. ही वाचनाची चूक नाही. त्यानं अक्षरं ओळखली, शब्द ओळखला आणि घरी जसा म्हणतात तसा म्हटला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत ‘शाळा’तला ‘श’ ‘स’ होतो, तेही तसंच. इथं दटावलं तर लेकरू बरोबर वाचलेल्या शब्दावरही शंका घ्यायला लागतं. एवढंच सांगा, ‘आपण डोया म्हणतो, पुस्तकात डोळा लिहितात.’ याउलट ‘डोळा’ला ‘डोका’ म्हणणं, ‘केळी’चं ‘कळी’ करणं, किंवा पहिलं अक्षर पाहून भलताच शब्द ठोकून देणं, या चुका वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. दोन आठवड्यांत नमुना दिसायला लागतो.

चित्रांच्या तक्त्यांचाही घोळ असतो. तक्त्यावर ‘ब’ खाली बटाटा. घरी त्याला आलू म्हणतात. लेकरू चित्र पाहून ‘आ’ म्हणतं आणि मार खातं. कोथिंबिरीचं चित्र ‘सांबार’ असतं, शेंगदाण्याचं ‘फल्ली’. म्हणून बाजारचा तक्ता भिंतीवर राहू द्या, पण शिकवायला घरच्या तोंडचे शब्द घ्या. घरी गोंडी, कोरकू किंवा कोलामी बोलत असतील तर पुढे दिलेले कानाचे खेळ आधी त्याच भाषेत खेळा. मराठी शब्द माहीतच नसताना त्याचे तुकडे पाडता येत नाहीत, आणि ते न येणं म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे.

सामान

जुन्या लग्नपत्रिका जमवा, वीस-पंचवीस. पत्रिकेची चकचकीत बाजू शाई धरत नाही, पुसली जाते. आतली कोरी, खरखरीत बाजू वापरा. सात सेंटिमीटरचे चौकोन कापा. अक्षर चार-पाच सेंटिमीटर उंच, काळ्या स्केचपेननं. काना, वेलांटी, मात्रा लाल शाईनं. एका चौकोनावर एकच अक्षर, शेजारी चित्र नाही. चित्र असलं की लेकरू चित्रच वाचतं.

एक ताट आणि बारीक चाळलेली रेती. थर अर्धा सेंटिमीटर. जास्त जाड झाला तर रेघ बुजते. रेती नसेल तर रांगोळी चालते.

वातीची अक्षरं करून ठेवा. देवाच्या लांब वाती पुठ्ठ्यावर अक्षराच्या वळणानं चिकटवा, म्हणजे बोट फिरवताना वळण हाताला लागतं. पिठाच्या लेईनं चिकटवल्या तर महिन्याभरात झुरळं लागतात, म्हणून फेविकॉल घ्या. सगळी अक्षरं करायची गरज नाही. ज्यांत गोंधळ होतो तेवढीच करा.

कानाचे खेळ: अक्षर दाखवायच्या आधी

ही पायरी बहुतेक घरं गाळतात, कारण वही-पाटी नसलेला अभ्यास अभ्यास वाटत नाही. डिस्लेक्सियाची मूळ अडचण मात्र इथंच आहे. आणि ज्या आईला किंवा आजीला वाचता येत नाही, तिलाही हे पूर्ण करता येतं. फल्ली फोडताना, सरकी वेचताना, भाकरी टाकताना पाच मिनिटं पुरतात.

सुरुवात टाळ्यांनी. शब्द म्हणा आणि तोंडात जितके झटके येतात तितक्या टाळ्या. सुपडं: दोन. बंडी: दोन. टमाटर: तीन, ट-मा-टर. इथं शिकलेली माणसं हटकून चुकतात. ती लिहिलेली अक्षरं मोजतात आणि म्हणतात, चार टाळ्या पाहिजेत. लेकराचं बरोबर आहे. बोलताना शेवटचा ‘र’ आधीच्या ‘ट’ला चिकटतो, तीनच झटके येतात. या पायरीवर कानाला येतं तेच खरं. चार अक्षरांची गोष्ट पुढे, कार्डं मांडल्यावर.

मग जोडणं. तुम्ही तुकडे सांगा, लेकरू शब्द सांगेल. ‘वा... वर’. ‘सर... की’. तुकड्यांमधलं अंतर पहिल्या दिवशी अर्धा सेकंद, मग वाढवत न्या. दोन तुकडे जमले की तीन.

मग पहिला आवाज. ‘मामा, मका, माती, यांच्या सुरुवातीला काय सारखं?’ हे ‘म’ आलं की घरात ‘म’ शोधायला लावा. आणि शेवटी काढून टाकणं, जे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचं:

‘टमाटरमधला ट काढून टाकला तं काय राह्यते?’
‘...माटर.’
‘अन् वावरमधला वा काढला तं?’
‘वर!’
‘अन् मकातला म?’
(लेकरू बोटं मोडतं.) ‘का.’

तिसऱ्या उत्तराला वेळ लागला तर लागू द्या. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. तरी आलं नाही तर दोन्ही मुठी पुढे धरा, एक मूठ ‘म’, एक ‘का’. ‘म’ची मूठ पाठीमागे लपवा आणि पुन्हा विचारा. दिसणारी खूण मिळाली की बहुतेक लेकरांना येतं.

क-ख, ट-ठ, ब-भ यांचा फरक ऐकूच येत नसेल तर चिमूटभर पिंजलेला कापूस तळहातावर ठेवून तोंडासमोर धरा. ‘क’ म्हणताना तो जेमतेम हलतो, ‘ख’ म्हणताना उडतो. आठ-दहा वेळा उडवून पाहिला की कानाला जे कळत नव्हतं ते ओठांना कळतं. हा खेळ लेकरांना इतका आवडतो की थांबवावा लागतो.

तीन-चार आठवडे फक्त हेच करा. दहा शब्दांपैकी आठांचा पहिला आवाज लेकरू अडखळल्याशिवाय सांगायला लागलं की अक्षरांकडे वळा, खेळ मात्र पुढेही रोज दोन मिनिटं चालू ठेवा.

अक्षरं: मुळाक्षरांच्या क्रमानं नाही

क ख ग घ हा क्रम पाठांतराला छान आहे, शिकायला वाईट. त्यात जवळजवळ सारखे आवाज एकामागोमाग येतात आणि त्यांतून शब्दही होत नाहीत. पहिल्या गटासाठी हा क्रम घ्या: क, म, र, ट, ल, न. ‘म’ आणि ‘न’ दोन्ही नाकातले आवाज, म्हणून त्यांच्यात जाणून अंतर ठेवलं आहे. आठवड्याला दोन अक्षरं, एक सोमवारी, एक गुरुवारी. पहिली चार अक्षरं झाली की लगेच काना द्या.

एवढ्या तुटपुंज्या सामानातून काय काय वाचता येतं पाहा: काका, मामा, मका, काम, काटा, मटर, टमाटर. पुढे ‘ल’ आणि ‘न’ आले की लाल, नाला, नाक, कान, मला. अक्षरं सुरू केल्यापासून चौथ्या आठवड्यात लेकराच्या हातात अख्खी वाक्यं देता येतात. ‘काका, काम करा.’ ‘नाना, मटर टाका.’ ‘मला लाल टमाटर.’ ही वाक्यं शाळेच्या पुस्तकात सापडणार नाहीत, तुम्हीच चिठ्ठ्या लिहायच्या. यात लेकराला न शिकवलेलं एकही अक्षर नाही, म्हणून अंदाज करायची गरज पडत नाही. अंदाज करायची सवय मोडणं हे अर्धं काम आहे.

दुसरा गट: स, प, ग, त, व आणि दुसरी वेलांटी. मग वावर, गवत, तवा, माती, पाटी, सरकी, गाव. ‘नाना गावात. मामा वावरात.’

नवं अक्षर शिकवायची रीत ठरलेली ठेवा, रोज बदलू नका. आधी तुम्ही आवाज म्हणा, लेकरू म्हणेल. मग रेतीच्या ताटात तुम्ही तळहाताएवढं मोठं अक्षर काढा. लेकरू दोन बोटांनी त्याच वळणावरून पाच वेळा फिरवेल आणि फिरवताना प्रत्येक वेळी आवाज मोठ्यानं म्हणेल. ‘कमळातला क’ नाही, नुसता ‘क’. मग ताट हलवून रेती सपाट करा आणि न पाहता काढायला सांगा. शेवटी कार्ड दाखवा. हात, कान, तोंड, डोळे एकाच वेळी कामाला लावायची ही पद्धत अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकात मांडली. जगभर डिस्लेक्सियाच्या शिकवणीचा पाया अजून बराचसा तोच आहे. मुक्यानं अक्षर गिरवणं मात्र वाया जातं. शंभर वेळा लिहून आणायची शिक्षा म्हणूनच फुकट असते. दहाव्या वेळेनंतर हात लिहितो आणि मन बाहेर खेळतं.

शिरोरेषा सगळ्यात शेवटी. काही लेकरं आधी आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं टांगतात. त्यानं ‘भ’चा ‘म’ होतो आणि ‘ध’चा ‘घ’, कारण या जोड्यांत फरकच रेघेच्या तुटण्याचा आणि डोक्यावरच्या गाठीचा आहे. शब्दातली सगळी अक्षरं आधी, मग डावीकडून रेघ, आणि ‘भ’, ‘ध’, ‘थ’ आले की हात उचलायचा. वाचतानाही हीच खूण द्या: ‘रेघ तुटली का?’

गोंधळाच्या इतर जोड्या: ब-व-क, प-ष, ट-ठ-ढ, ड-इ, आणि ‘ख’ जो नीट जोडला नाही तर ‘रव’ दिसतो. यांतलं एक अक्षर झोपेतून उठवून विचारलं तरी येईल इतकं पक्कं होईपर्यंत दुसरं आणू नका. दोन-तीन आठवडे मध्ये जाऊ द्या. मग दोन्ही वातीची अक्षरं शेजारी ठेवा, लेकराचे डोळे मिटा आणि बोटानं ओळखायला लावा. दोन सारखी अक्षरं ‘फरक कळावा म्हणून’ एकाच दिवशी शिकवणं ही हौशी शिकवणाऱ्यांची ठरलेली चूक. त्यानं गोंधळच पक्का होतो.

अक्षर उलटं काढलं म्हणून घाबरू नका. सहा-सात वर्षांपर्यंत बरीच लेकरं तसं करतात. नुसत्या त्यावरून डिस्लेक्सिया ठरत नाही.

कार्डं सरकवणं: मटर ते ‘मटर्’

म, ट, र अशी तीन कार्डं टेबलावर किंवा सारवलेल्या जमिनीवर चार बोटांच्या अंतरानं मांडा. लेकरू प्रत्येकावर बोट ठेवून म्हणेल, ‘म... ट... र’. हे झालं तरी त्याला शब्द कळलेला नसतो. त्याच्या कानावर पडलेले हे तीन आवाज भाजीवाल्याच्या मटरसारखे वाजतच नाहीत. आता ‘र’चं कार्ड सरकवून ‘ट’ला भिडवा, आणि ‘टर’ एका दमात म्हणायला लावा. मग ‘म’ भिडवा. ‘म-टर’. चेहऱ्यावर कळल्याचं दिसतं ते या क्षणी.

मराठीत लिहिलेला शेवटचा ‘अ’ बोलताना गळतो, आणि ‘करतो’सारख्या शब्दात मधलाही गळतो: ‘कर-तो’. चांगलं वाचणारी मुलं हे आपसूक उचलतात. डिस्लेक्सिया असलेल्यांना दाखवून द्यावं लागतं. ‘क-र-तो’ असं तुटक वाचणाऱ्या लेकराला अक्षरं येत नाहीत असा समज करून पुन्हा बाराखडीवर नेतात. त्याला अक्षरं येतात, अडतं ते चिकटवण्यापाशी.

‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन आवाज आहेत. ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणून पाहा. आधी एकच आवाज शिकवा, दुसरा महिन्याभरानं. लेकरानं वाचताना चुकीचा लावला तर शब्द पूर्ण करू द्या. अर्थ लागला की ते स्वतःच दुरुस्त करतं.

काना, मात्रा, वेलांटी

क्रम: काना, दुसरी वेलांटी, एक मात्रा, काना-मात्रा, दुसरा उकार, मग पहिला उकार आणि पहिली वेलांटी. ऐ-औच्या दोन मात्रा आणि अनुस्वार नंतर. ‘बैल’ हा शब्द पोळ्याच्या आधी यावा असं वाटत असेल तर ‘ब’ शिकवून तेवढा एक तसाच ओळखायला शिकवा, हरकत नाही.

नावं पाठ करून घेऊ नका. ‘क ला काना का’ म्हणताना लेकरू तीन वेगळे आवाज काढतं आणि त्यातला कामाचा एकच असतो. लाल काना आला की ‘आ’, एवढंच. रोज पाच ओळखीची अक्षरं घेऊन त्यांना एकच खूण लावा: का, मा, रा, टा, ला. बाराखडीत एकाच अक्षराला एकामागून एक सगळ्या खुणा लागतात. इथं उलट, एकच खूण अनेक अक्षरांना. खुणेचा आवाज सुटा होऊन लक्षात राहतो तो यानं.

पहिली वेलांटी हा स्वतंत्र त्रास आहे. ती लिहितात आधी, म्हणतात नंतर. डावीकडून वाचणारं लेकरू ‘दिवस’ला ‘इदवस’ म्हणतं, आणि त्याच्या जागी ते तर्कानं बरोबरच आहे. साडीच्या पिशवीचं पारदर्शक प्लास्टिक घ्या, त्यावर लाल स्केचपेननं नुसती वेलांटी काढा. ‘द’च्या कार्डावर आधी बोट ठेवून ‘द’ म्हणायला लावा, मग वरून प्लास्टिक सरकवत आणा आणि ‘दि’. दहा-बारा अक्षरांवर हे केलं की वेलांटी दिसताच बोट आपोआप पुढच्या अक्षरावर उडी घेतं.

वाचताना ऱ्हस्व-दीर्घावरून अडवू नका, बोलताना आपण मोठी माणसंही तो फरक फारसा करत नाही. लिहिण्यासाठी सुरुवातीला एकच नियम द्या: शब्दाच्या शेवटी आलेली इ-ऊ दीर्घ, पाणी, गाडी, वाळू. ‘आणि’ हा रोज भेटणारा अपवाद, तो तसाच पाठ करायचा.

जोडाक्षरांना घाई नको. आधी एकाच अक्षराच्या जोड्या, कारण त्या कानाला स्पष्ट लागतात: फल्ली, गल्ली, पक्का, पट्टी. मग ज्यांत पहिल्या अक्षराची काठी, म्हणजे उभी रेघ, गळते ती: म्ह, स्त, ल्य. ‘र’चे अवतार सगळ्यात शेवटी. ‘वऱ्हाड’ हा शब्द वऱ्हाडातल्या लेकराला सगळ्यात उशिरा वाचता येतो, त्याला इलाज नाही.

रोजची वीस मिनिटं

रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज वीस मिनिटं. दोन मिनिटं जुनी कार्डं गंजीफ्यासारखी पिसून, चार मिनिटं कानाचा खेळ, पाच मिनिटं नवं अक्षर किंवा खूण, पाच मिनिटं शब्द आणि चिठ्ठ्या, आणि उरलेली चार मिनिटं तुम्ही वाचायचं, लेकरानं ऐकायचं. शेवटचा भाग कापू नका. स्वतः वाचता येत नसल्यानं या लेकरांच्या कानावर पुस्तकी मराठी फार कमी पडते, आणि चौथी-पाचवीत शब्दसाठाच तोकडा पडतो. वाचणारं कोणी नसेल तर पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये स्कॅन करून तिथं काय ऐकायला मिळतं ते पाहा, किंवा पाचवी-सहावीतल्या ताईकडून धडा मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. लेकरानं ऐकता ऐकता ओळीवर बोट फिरवायचं.

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरका. दुपारी उन्हानं आणि रात्री लाइट गेल्यानं अभ्यास होत नाही.

वाक्यं वाचायला लागल्यावर परिच्छेद तीस-चाळीस शब्दांचा घ्या. दहा शब्दांत एकापेक्षा जास्त ठिकाणी अडत असेल तर तो परिच्छेद आज त्याच्यासाठी जड आहे, खालच्या इयत्तेतला घ्या. पुस्तक पहिलीचं असलं म्हणून लाज वाटायचं कारण नाही. वरचं कव्हर वर्तमानपत्रानं झाकून टाका. तोच परिच्छेद तीन वेळा वाचायचा. पहिल्यांदा दोघांनी बरोबर, तुमचा आवाज थोडा पुढे. दुसऱ्यांदा लेकरू एकटं. तिसऱ्यांदा मोबाइलवर वेळ लावून. लागलेले सेकंद भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहा. तुलना कालच्या आपल्याच आकड्याशी.

अडलं की लगेच शब्द सांगू नका, आणि ‘अरे कालच तर सांगितलं’ हे तर नाहीच. काल आलेलं आज न येणं हे डिस्लेक्सियात नेहमीचंच. लेकरू मुद्दाम करत नाही. पाच मोजा. मग अडलेल्या अक्षरावर काडी ठेवा आणि आवाज विचारा. तरी नाही तर तुम्ही सांगा आणि वाक्य पहिल्यापासून वाचायला लावा, म्हणजे अर्थ तुटत नाही. पाठ्यपुस्तकातलं चित्र हातानं झाकायची सवय ठेवा.

शाळा आणि दाखला

गुरुजींना किंवा बाईंना भेटताना तक्रार घेऊन जाऊ नका, ती चुकांची वही घेऊन जा. तीन गोष्टी मागा: सगळ्या वर्गासमोर अचानक उभं करून वाचायला लावू नये, फळ्यावरून उतरवायला जास्त वेळ द्यावा, आणि माहिती आहे का हे तोंडी विचारून पाहावं. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेतले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांमार्फत त्यांना बोलावून घेता येतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठीची तपासणी साधारण तिसरीत किंवा आठ वर्षांचं झाल्यावर होते, कारण त्याआधी उशिरा शिकणं आणि न जमणं यांत फरक करणं कठीण. चौकशी जिल्हा सामान्य रुग्णालयात करा, तिथल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात. जाताना शाळेच्या वह्या, प्रगतिपुस्तक, आधार कार्ड आणि गुरुजींचं पत्र बरोबर ठेवा. एका फेरीत काम होईलच असं नाही. दाखल्याचा उपयोग पुढे होतो, दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळण्यासाठी. पण दाखल्यासाठी आठ वर्षांचं होईपर्यंत घरचं काम थांबवू नका. डिस्लेक्सिया नसेल तरी या पद्धतीनं नुकसान काही होत नाही.

सहा महिने रोज करूनही पहिल्या दोन गटांची अक्षरं पक्की झाली नाहीत, किंवा बोलणंच उशिरा आलं आहे, सूचना समजत नाहीत, हिशेबही जमत नाही, तर प्रश्न वाचनापुरता नसण्याची शक्यता आहे. मग तपासणीला उशीर करू नका.

हंगामात खंड पडणारच. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी एकामागोमाग आली की महिना-दीड महिना कोणालाच फुरसत नसते. त्या काळात कार्डं पिशवीत घालून वावरात न्या आणि जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं जुनीच पिसा, नवं काही नको. पुन्हा सुरू करताना जिथं सोडलं तिथून नाही, तर दोन अक्षरं आणि एक खूण मागून सुरुवात करा. विसरलेलं आठवडाभरात परत येतं.